हळदीचं पाणी

माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. ठाण्याला वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली मी. तिथे पाणी यायचं तेव्हा आवाज असलेल्या बाईचीच बादली आधी भरायची. लग्न करून डोंबिवलीच्या पार मागच्या अंगाला, या आगरी गावात आले तेव्हा माझ्या आईला एकच धास्ती होती, ही पोरगी सासरी टिकणार कशी. गंमत म्हणजे सासू माझ्याहून तिखट निघाली. पहिल्याच आठवड्यात आमचं असं काही वाजलं की दोघींना एकमेकींचा अंदाज आला, आणि त्यानंतर आमचं छान जमलं.

गाव आता नावालाच गाव आहे. भातशेती गेली, चारी बाजूंनी टॉवर उठले, आणि मधे आमची बैठी घरं आणि चिंचोळ्या गल्ल्या तेवढ्या उरल्या. पण गावदेवीच्या देवळामागची विहीर तशीच आहे. तिला सगळे बाव म्हणतात. तिच्यासाठी जागा दिली ती माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी, त्यामुळे सासूबाई तिच्याबद्दल बोलायला लागल्या की घरातल्याच कुणाबद्दल तरी बोलतायत असं वाटतं. हळदीच्या दिवशी लग्नघरातल्या बायका वाजतगाजत बावीवर जातात. पुढे धवलारीण, म्हणजे धवले गाऊन लग्नाचे विधी लावणारी म्हातारी, आणि मागे कळशा घेतलेल्या बायका. त्या पाण्याने नवऱ्याला नाहीतर नवरीला आंघोळ घालतात. आणि हळदीला आलेल्या पाहुण्याला प्यायलाही बावीचंच पाणी द्यायचं, ही इथली रीत. नळाचं पाणी पाजलं तर त्या घराला पाहुणा जड झाला, असा अर्थ काढतात आणि पुढची कित्येक वर्षं ऐकवतात.

माझ्या धाकट्या दिराची हळद भर मे महिन्यात होती. मंडप लागलेला, बेंजोवाले आलेले, बायका भाकऱ्या थापायला बसलेल्या, आणि नेमका बावीवरचा पंप जळला. मेकॅनिक म्हणाला, उद्या बघू. बावीत पाणी तळाला गेलेलं. दोरी-बादलीने काढून आंघोळीपुरतं निघालं असतं, पण अख्ख्या गावाला पाजायचे ड्रम काय त्याने भरणार? आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

“नलाला पाइप लाव,” त्या म्हणाल्या.

मी बघतच राहिले.

“बगतंस काय? लाव. आनि कोनाला बोलाचा नाय.”

आम्ही दोघींनी मिळून ड्रम भरले. पुढच्या दारात आंब्याचे टहाळे लावलेल्या दोन कळशा बावीच्या ठेवल्या, दिसायला. संध्याकाळी पाहुणे आले, नाचले, जेवले, ग्लासच्या ग्लास पाणी प्यायले. आईंच्या माहेरचे एक काका तर ओठ पुसत म्हणाले, “बावीचे पान्याची चवच येगली.” मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी जिरलं.

लग्न झालं, नवी नवरी घरात आली, आणि तिची हळद उतरायच्या आतच गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी आमच्या गल्लीत, मग देवळाच्या बाजूला, मग सगळीकडे. समाजमंदिरात सतरंज्या टाकून लोकांना सलाइन लावायला लागले. ज्यांना जास्त त्रास त्यांना रिक्षात घालून कल्याणला नेत होते. माझा नवरा आडवा झाला, नवा नवरदेव आडवा झाला, आणि मी संडास आणि स्वयंपाकघर यांच्या मधे फेऱ्या मारत होते. गावात कुजबुज सुरू झाली की हे सगळं आमच्या हळदीतून आलं. आईंच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे सगळेच बोलत होते.

पालिका आली, हे मात्र मी नाकारणार नाही. लगेच आली. आली आणि तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर धूर सोडला! मच्छर मारायचा तो गाडीवरचा धूर. अरे, माणसं पोट धरून लोळतायत आणि तुम्ही धूर कसला सोडताय? मी दारात उभी राहून ओरडले तर मशीनवाला म्हणाला, “वरून ऑर्डर आहे, ताई.” मग गटारांच्या कडेने पांढरी पावडर पडली. मग भोंगा लावलेली रिक्षा फिरली. आणि मग आरोग्य विभागाचे साहेब स्वतः आले, सोबत माहिती गोळा करणाऱ्या दोन मुली.

साहेब आमच्या अंगणात खुर्चीवर बसले. हळद आमच्या घरची, म्हणून चौकशी आमच्यापासून सुरू. अंगण बायकांनी भरलेलं. धवलारीण म्हातारीही येऊन बसलेली. साहेबांनी अगदी स्पष्ट विचारलं, “आजी, हळदीच्या दिवशी लोकांना प्यायला पाणी कुठलं दिलं होतं?”

मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते.

“कुठला म्हंजे? बावीचा,” आई म्हणाल्या. “आमचे घरची हलद हाय. आमी नलाचा पानी पाजत नाय कोनाला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान ताठ, आवाज खणखणीत. अंगणातल्या बायकांनी माना हलवल्या. चहा कपातून बशीत सांडला आणि मी तो तसाच साहेबांच्या हातात दिला.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांना हवं ते मिळालं होतं. जुनी विहीर, उघडी विहीर, सापडलं कारण. दुसऱ्या दिवशी भोंगा ओरडायला लागला, विहिरीचं पाणी कोणीही वापरू नये, फक्त नळाचं शुद्ध पाणी प्यावं. आणि गावात बातमी पसरली की बाव कायमची बुजवायची ठरलंय. जेसीबी आणणार, वरून भराव टाकणार, विषय संपला.

माझं डोकं फिरलं. कारण आमच्या गल्लीत नवा सिमेंटचा रस्ता झाल्यापासून नळाच्या पहिल्या पाण्याला वास येत होता, हे मला माहीत होतं, प्रत्येक बाईला माहीत होतं. आम्ही पहिल्या दोन बादल्या ओतून द्यायचो आणि पुढचं भरायचो. हळदीच्या गडबडीत कोण ओततंय? आणि दुसरी गोष्ट. आमच्या समोरच्या घरात सुतक होतं. त्यांचे आजोबा हळदीच्या आदल्याच आठवड्यात गेले. ते घर हळदीला आलं नाही, लग्नाला आलं नाही, आमच्या मंडपातला घास की घोट त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेला नाही. आणि त्या घरातली मुलगी, मी शिकवते त्याच शाळेत शिकणारी, सगळ्यात जास्त आजारी होती. तिला हळदीच्या पाण्याने कसं काय झालं?

मी साहेबांना समाजमंदिराच्या पायरीवर गाठलं आणि हे सगळं सांगितलं.

“अहो मॅडम, सुतक वगैरे ठीक आहे,” ते म्हणाले. “पण एवढं मोठं जेवण असतं, मागच्या दाराने डबा जातोच.”

“सुतकात हळदीचा डबा? तुमच्या घरी जातो का हो?”

ते जरा वरमले. साताऱ्याकडचे होते, त्यांना काय कळत नव्हतं? पण लगेच सावरून म्हणाले, “तुमच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलंय बावीचं पाणी. आता तुम्ही सांगा, त्या खोटं बोलल्या का?”

घोडं तिथे अडलं. वर्तकनगरच्या नळावर कुणाच्या बापाला न भ्यालेली मी, त्या पायरीवर मुकी झाले. हो म्हणाले असते तर आईंचं नाक मी भर गावात कापलं असतं, आणि तेही त्यांच्या पाठीमागे. मी विषय बदलला. निदान रस्त्याखालची पाइपलाइन तरी उघडून बघा, म्हटलं. तर म्हणाले, “नवीन रस्ता आहे. फोडायला परवानग्या लागतात. विहिरीचं तसं नाही.” रस्त्याच्या उद्घाटनाचा बॅनर अजून चौकात फडफडत होता, त्यावरचे हात जोडलेले चेहरे माझ्याकडे बघून हसत होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

घरी येऊन मी आईंना धरलं. म्हटलं, तुम्ही जाऊन खरं सांगा.

“म्हंजे माजा नाक काप,” त्या म्हणाल्या. “जलमभर मी दुसऱ्याचे हलदीला नावा ठेवली. आता मीच सांगू, का मी नल लावला?”

“मग बाव बुजवतील.”

“बुजवून तं बगू दे! आडवी परन मी.”

“आई, तुमचा शब्द आणि बाव दोन्ही नाही राहणार. काहीतरी एकच राहील.”

त्यांनी हातातलं सूप आपटलं आणि आत गेल्या. तांदूळ अंगणभर झाले, आणि ते गोळा करत मी मोठमोठ्याने त्यांच्या नावाने बडबडत होते. ऐकू जावं म्हणूनच.

दुपारी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, समोरच्या पोरीला बघून येते. मीही मागे गेले. मुलगी कल्याणहून सलाइन लावून परत आणलेली, पण पुन्हा जुलाब सुरू झालेले. डोळे खोल गेले होते, ओठ सुकून पांढरे. तिची आई उशाशी बसून चमच्याचमच्याने तिला पाणी पाजत होती. आईंना बघून ती घाईघाईने म्हणाली, “मावशी, तुमी सांगितला बावीच्या पान्याचा, बरा झाला. टिपूस नाय घातला मी तिला बावीचा. नलाचाच देते, ताजा ताजा भरून.”

 आईंनी वाकून तिच्या हातातला तांब्या घेतला, नाकाशी नेला, आणि सगळं पाणी दारातून बाहेर भिरकावलं.

“उकलव,” त्या म्हणाल्या. “आदी उकलव. एक घोट बी न उकलवता देव नको तिला.”

ती बिचारी घाबरून आमच्याकडे बघत राहिली. मीच मग गॅस पेटवला, पातेलं चढवलं, पाणी खळखळ उकळेपर्यंत तिथे उभी राहिले. आई मुलीच्या पायांवरून हात फिरवत बसल्या होत्या. मग रस्ता ओलांडून आम्ही घरी आलो.  माझ्या छातीत राग होता, पण त्यांचा हात मी धरला होता आणि तो गार पडला होता.

सकाळी जेसीबी आला. मागे डबराने भरलेला डंपर. गाव बावीभोवती जमा झालं, कोणी मोबाइल वर धरून शूटिंग करतंय, पोरं देवळाच्या ओट्यावर चढलेली. साहेब आपल्या माणसांना जागा करा, जागा करा म्हणत होते. एवढ्यात आई आल्या. लुगडं घट्ट कासलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. हळदीला निघाल्यासारख्याच. मला वाटलं, आता या खरंच आडव्या पडणार.

त्या साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“सायेब, मशीन बंद कर त्याला सांगा. मला बोलाचा हाय.”

मशीन बंद झालं. आणि त्या गावाकडे तोंड करून, हळदीच्या दिवशी हाका मारतात त्याच आवाजात म्हणाल्या, “मी खोटा बोलले. माजे पोराचे हलदीला बावीचा पानी नव्हता. नलाचा होता. मीच भरला, फाटक लावून. बावीचा एक थेंब कोन पिला नाय. जो आजारी परला तो नलाचे पान्यान. समोरची पोर बी.”

 मला त्या क्षणी इतकं रडू आलं, आणि त्याच क्षणी वाटलं, कुणी हसू दे फक्त, मी त्याचं तोंड फोडते.

हसलं कोणीच नाही. धवलारीण म्हातारी काठी टेकत पुढे आली.  गावातली प्रत्येक हळद हिने लावलेली, पाण्यावरून सगळ्यात जास्त नावं ठेवणारी हीच.

“अगो,” ती आईंना म्हणाली, “माजे नातवाचे हलदीला बी नलाचाच व्हता.”

मागून कुणीतरी म्हणालं, आमच्या बी. मग दुसरं कुणी, मग तिसरं. एक जाऊबाई तर म्हणाल्या, आमी टँकर मागवला व्हता, आणि रागाने बघत नवऱ्याने त्यांना कोपर मारलं. आणि मग सगळं गाव हसायला लागलं. अख्खं गाव वर्षानुवर्षं एकमेकांना नळाचं पाणी पाजत होतं, आणि ओठ पुसून बावीची चव सांगत होतं!

हसले नाहीत ते फक्त साहेब. ते म्हणाले, “आजी, तुम्ही आधी एक सांगता, मग एक सांगता. आमचा कार्यक्रम ठरलाय. बाजूला व्हा.”

“साहेब,” मी म्हटलं, “त्या दिवशी पायरीवर तुम्ही मला एक विचारलं होतंत. आता उत्तर देऊ?” आणि मग माझं तोंड जे सुटलं ते सुटलं. वास, सुतक, रस्ता, धूर, भोंगा, सगळं काढलं. तुमच्या भोंग्याने सांगितलं म्हणून एक आई आपल्या पोरीला चमच्याने तेच पाणी पाजत होती, हेही सांगितलं. मोबाइल सगळे माझ्याकडे वळले. साहेब हळू बोला म्हणाले. मी म्हटलं, नाही बोलणार हळू, आजवर हळूच बोललो आम्ही.

आई तोपर्यंत बावीच्या कठड्यावर बसल्या होत्या. पाय सोडून, निवांत. “रस्ता फोराची परवानगी येय तवर मी हितंच हाय,” त्या म्हणाल्या. मग जेसीबीवाल्याकडे बघून, “आनि तू आलाच हायेस, तं मशीन तिकरं गल्लीत लाव.” धवलारीण त्यांच्या शेजारी बसली. मग बाकीच्या बायका. कुणीतरी घरून चहा आणला. डंपरवाल्यालाही दिला.

परवानग्या लागतात म्हणतात ना, त्या दुपारपर्यंत आल्या. पाणीखात्याची माणसं आली, आणि तोच जेसीबी गल्लीत शिरून नवा कोरा सिमेंटचा रस्ता फोडायला लागला. खाली पाइप गटाराच्या आतून गेलेला होता, आणि रस्ता करताना त्याचा सांधा निखळलेला. काळं पाणी त्याच्या तोंडाशी बुडबुडत होतं. मी वाकून बघितलं आणि मला दिराच्या हळदीतले ते चकचकीत ग्लास आठवले. मी तिथेच ओकले.

नळ बंद झाला, टँकर आले, भोंग्याचं वाक्य बदललं. समोरची मुलगी हळूहळू उठून बसली, आणि जूनमध्ये शाळेत आली तेव्हा तिचा युनिफॉर्म तिला ढगळ होत होता. पेपरात बातमी आली, पालिकेच्या तत्परतेमुळे साथ आटोक्यात. तो पेपर मी चुलीत घातला. माफी कोणीही मागितली नाही, आणि मला ती अजून हवी आहे. बावीचं पाणी तपासलं तर तेही पिण्याजोगं निघालं नाही, हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. पालिकेने बावीवर पाटी ठोकली, पिण्यास अयोग्य. आई त्या पाटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं उखडून टाकतात. पण त्यांनी ती राहू दिली.

त्या दिवशी घरी परतताना मात्र त्या मला म्हणाल्या, “तू का नाय बोललीस गो आदी? तुला तं सगला म्हाईत व्हता.”

“तुम्हीच म्हणालात, कोणाला बोलायचं नाही.”

“आनि तू आयकलास?” त्या वाटेत थांबल्या. “जलमात कदी माजा आयकला नाय, आनि हाच आयकाचा सुचला तुला?”



गेल्या वर्षी माझ्या पुतणीची हळद होती. बायका वाजतगाजत बावीवर गेल्या, नवरीच्या आंघोळीचं पाणी घेऊन आल्या. प्यायच्या पाण्यासाठी आईंनी मोठाली पातेली अंगणात चुलीवर चढवली, पुढच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशी. मागचं फाटक सताड उघडं होतं. पाणी निवल्यावर त्या स्वतः ड्रमपाशी ओगराळं घेऊन उभ्या राहिल्या. जो येईल त्याला आधी सांगायच्या, “नलाचा हाय. उकलवलाय,” आणि मग ग्लास भरायच्या. नवरदेवाकडचे एक गृहस्थ, गळ्यात सोन्याची जाड साखळी, चारचौघांत हसून म्हणाले, “काय मावशी, एवरा मोठा घर, आनि हलदीला नलाचा पानी?”

आईंनी ओगराळं ड्रमच्या काठावर ठेवलं आणि भरलेला ग्लास त्यांच्यापुढे धरला.

“व्हय, नलाचा,” त्या म्हणाल्या. “पिवाचा हाय तं पी. नाय तं घरा जा.”